गोसिया: चार वर्षं वापरून झाल्यावर

आईचा बरेच महिने असा समज होता की गोसिया ही माझी रूममेट आहे. तिचा तरी काय दोष! फोनवर मी रोज तेच रडगाणं गायची. आज गोसिया चालतच नाहीये, गोसियानं रात्रभर जागं ठेवलं, गोसियाला नेमकं काय खुपतंय तेच कळत नाही. शेवटी एक दिवस आई काळजीनं म्हणाली, ‘अगं, मग तिच्या घरच्यांना कळवा ना कुणीतरी!’

पोलंडमध्ये गोसिया हे खरंच मुलीचं लाडाचं नाव आहे. पाळण्यातलं नाव माउगोझाता. माझी गोसिया मात्र फोरट्रान या जुन्या संगणकी भाषेतला, अणुकेंद्रकांच्या प्रयोगांचं गणित करणारा प्रोग्रॅम आहे. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९८० मध्ये तोमाश चोस्निका, डग्लस क्लाइन आणि सी. वाय. वू या तिघांनी तो लिहायला घेतला. म्हणजे वयानं माझ्यापेक्षा मोठा. मी कराडची, एम.एस्सी. पुण्यात केली, आता परदेशात पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात आहे, आणि ही चार वर्षं दिवसाकाठी एकदा तरी तो चालवल्याशिवाय गेलेली नाहीत. तेव्हा बरंवाईट बोलायचा हक्क माझा आहे असं धरून चालते.

हा प्रोग्रॅम करतो काय, ते आधी सांगते. आमच्या आजीचं सोवळं कडक होतं. ती सोवळ्यात असली की आम्ही पोरं स्वयंपाकघरातून भिंतीला घासून जायचो. तिला कुणी शिवायचं नाही, पण नुसतं जवळून गेलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. कूलोम उत्तेजन, आमच्या बोलण्यात कूलेक्स, ते हेच. एका अणूचं केंद्रक दुसऱ्याच्या शेजारून जातं, शिवत नाही, पण दोघांच्या विद्युतभारामुळे जाणारं किंवा उभं असलेलं केंद्रक ढवळून निघतं आणि ऊर्जेच्या वरच्या पातळीवर जातं. खाली येताना गॅमा किरण सोडतं. तो किरण आपण मोजायचा. शिवाशिव झालीच नाही, म्हणजे मध्ये अणुकेंद्रीय बल आलंच नाही, तर सगळा कारभार विद्युतचुंबकीय बलाचा. आणि ते बल आपल्याला बिनचूक ठाऊक आहे. म्हणून किती किरण आले यावरून त्या दोन पातळ्यांमधल्या संक्रमणाची, म्हणजे एकीवरून दुसरीवर जाण्याची, ताकद काढता येते, केंद्रकाच्या आतल्या भानगडींचं कुठलंही मॉडेल न धरता.

हे सोवळं किती अंतराचं ठेवायचं, तेही क्लाइन यांनीच घालून दिलंय: दोन्ही केंद्रकांच्या पृष्ठभागांमध्ये निदान ५ फर्मी अंतर हवं. फर्मी म्हणजे मीटरच्या अब्जांशाचा दहा लाखावा... थांबा, असं लिहिलं की माझंच डोकं फिरतं. १ वर १५ शून्यं, आणि मीटरला त्यानं भागा.

किती किरण यायला हवेत याचं गणित वाटतं तितकं सोपं नाही. कणाचा मार्ग वक्र, तो टार्गेटमध्ये, म्हणजे ज्यावर आपण कण मारतो त्या पदार्थात, शिरल्यावर मंदावत जाणार, प्रत्येक कोनाला शक्यता वेगळी, किरणही सगळ्या दिशांना सारखे फेकले जात नाहीत, डिटेक्टरला लांबी-रुंदी आहे. आणि पातळ्या जास्त असल्या तर एकीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर उड्या. गोसिया हे सगळं करून देते, आणि उलटंही करते: मोजलेले किरण दिले की त्यातून संक्रमणाच्या ताकदी शोधून काढते, त्रुटीसकट. हे उलटं काम हीच तिची खरी करामत.

मी ती वापरते हलक्या आणि अल्पायुषी केंद्रकांसाठी. गोसिया घडली ती जड, डझनावारी पातळ्या असलेल्या केंद्रकांवर. त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, दोन वाट्या पोह्यांसाठी लग्नाची कढई कशाला? माझ्या गाइडनं पहिल्याच महिन्यात सांगितलं, की नव्या डेटाला हात लावायच्या आधी बेरिलियम-११ चं छापून आलेलं उत्तर गोसियातून काढून दाखव.

बेरिलियम-११ हे आमच्या क्षेत्रातलं लाडावलेलं पोर. ४ प्रोटॉन, ७ न्यूट्रॉन. त्यातला शेवटचा न्यूट्रॉन इतका सैल बांधलेला की अर्ध्या एमईव्हीत सुटून जाईल. (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक; त्याचा हजारावा भाग म्हणजे केईव्ही.) बाकीच्या १० जणांच्या गाठोड्यापासून तो सरासरी ७ फर्मी लांब भटकत असतो. याला हेलो म्हणतात; मी मनातल्या मनात पदर म्हणते. बांधलेल्या पातळ्या सगळ्या मिळून दोन: तळाची, आणि ३२० केईव्हीवरची. त्यातही प्रोटॉन-न्यूट्रॉन ठरावीक कवचांत बसतात असं धरणाऱ्या साध्या कवच मॉडेलनं खाली यायला हवी ती पातळी वर आणि वरची खाली, अशी अदलाबदल झालेली. या दोन पातळ्यांमधलं विद्युत-द्विध्रुवी संक्रमण विलक्षण जोरदार आहे, आणि त्या जोराचं कारण तो लांब पदरच.

हा जोर नेमका किती, यावर ३० वर्षं घासाघीस चालली होती. १९८३ मध्ये वरच्या पातळीचं आयुर्मान मोजून ०.११६ आलं, त्रुटी ०.०१२, म्हणजे १० टक्के. (एकक ई-वर्ग फर्मी-वर्ग, दर वेळी लिहीत नाही.) १९९० च्या दशकात फ्रान्समधल्या गॅनिल आणि जपानच्या रिकेन या प्रयोगशाळांत आणि अमेरिकेत मिशिगनला वेगवान बीम, म्हणजे कणांचा झोत, वापरून पुन्हा मोजलं, तर आकडे एकमेकांशी नीट जुळेनात. मग कॅनडात व्हँकूव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत सावकाश बीमवर मोजणी झाली आणि २०१४ मध्ये आकडा छापून आला: ०.१०२, त्रुटी ०.००२. दोन टक्के! हे उत्तर गोसियातून काढलेलं आहे. टार्गेट प्लॅटिनम-१९६ चं, बीमची ऊर्जा दर न्यूक्लिऑनला (म्हणजे दर प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनला) १.७३ आणि २.०९ एमईव्ही, किरणांसाठी टायग्रेस हा जर्मेनियम डिटेक्टरांचा संच आणि कणांसाठी बॅम्बिनो नावाचे सिलिकॉन डिटेक्टर.

म्हणजे मला उत्तर आधीच ठाऊक होतं. फक्त तिथवर पोचायचं होतं. सहा आठवडे लागले.

आधी चांगलं सांगते. पैसे लागत नाहीत. मूळ कोड उघडा मिळतो, फोरट्रानची एकच लांबलचक फाइल. जीफोरट्रान हा फुकट कंपायलर असला की चहाला आधण येईपर्यंत कंपाइल होतो. माझा लॅपटॉप जुना, एक बिजागरी तुटलेली, त्यावरही बेरिलियमचं गणित डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं. सोबतची पुस्तिका दोनशेहून जास्त पानांची आहे, आणि ती मी दोनदा अथपासून इतिपर्यंत वाचली. सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेबद्दल असं कोण म्हणतं? पण तिच्यातला भौतिकशास्त्राचा भाग एखाद्या चांगल्या पाठ्यपुस्तकाच्या तोडीचा आहे. कूलेक्स शिकायचं असेल आणि प्रोग्रॅम कधीच चालवायचा नसेल, तरी ती उतरवून घ्या.

आता इनपुट फाइल. इथे १९८० साल अजून संपलेलं नाही. माउस नाही, खिडकी नाही, रंग नाहीत. प्रत्येक आज्ञा ‘ओपी’, मग स्वल्पविराम, मग चार अक्षरं. चारच. त्यामुळे मिनिमायझेशनचं (मोजणीशी सगळ्यात जुळणारं उत्तर शोधण्याचं) ‘मिनी’, एररचं ‘एरो’, यील्डचं ‘यील’ असं सगळं शेपूट तोडलेलं. खाली आकड्यांच्या ओळी. पातळ्यांच्या यादीत क्रमांक, पॅरिटी आणि स्पिन (पातळीची दोन ओळखचिन्हं), ऊर्जा. माझ्या यादीत दोनच ओळी होत्या: पहिली तळाची, दुसरी ०.३२० ची. ऊर्जा एमईव्हीत द्यायची. मी पहिल्यांदा ३२० लिहिलं. केंद्रक हललंच नाही. का हलेल?

यादी संपली हे कळवण्यासाठी शून्यांची एक ओळ द्यावी लागते. ती विसरलात तर गोसिया ‘शून्यं विसरलीस’ असं म्हणत नाही. ती पुढच्या ओळी पातळ्या समजून वाचत सुटते आणि कुठेतरी भलतीकडेच कोसळते, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोसळतच नाही आणि एक गुळगुळीत, देखणं, साफ चुकीचं उत्तर देते. पाचपैकी एक तारा मी या शून्यांच्या ओळीपायी कापला आहे.

माझी सगळ्यात मोठी फजिती एककांची. गोसियाला ताकद नको असते, तिला मॅट्रिक्स एलिमेंट, म्हणजे ताकदीच्या वर्गमुळातून येणारा आकडा, हवा असतो, तोही फर्मीत नाही, बार्नमध्ये. द्विध्रुवी संक्रमणासाठी बार्नचं वर्गमूळ. एक बार्न म्हणजे १०० फर्मी-वर्ग. ज्याला सवय आहे त्याच्यासाठी दोन मिनिटांचं काम: ०.१०२ ला १०० नं भागा, स्पिन अर्धा म्हणून दोननं गुणा, वर्गमूळ काढा, ०.०४५२ येतं. मी भागायचं विसरले आणि ०.४५२ टाकलं. मॅट्रिक्स एलिमेंट दहापट, म्हणजे ताकद शंभरपट. किरणांचा आकडा एवढा फुगला की क्षणभर मला वाटलं, ट्रायम्फवाल्यांचंच काहीतरी राहून गेलंय. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माणसाला असं वाटतं. दुसऱ्या दिवशी गाइडनं पडद्याकडे पाहिलं, ‘बार्न?’ एवढंच विचारलं आणि कॉफी आणायला निघून गेली.

टार्गेटमध्ये बीम किती मंदावतो, तो तक्ताही तुम्हीच द्यायचा. आम्ही सगळे तो स्रिम या दुसऱ्या प्रोग्रॅममधून काढतो. मग टार्गेटच्या जाडीवर आणि डिटेक्टरच्या कोनांवर बेरीज, तिच्यावरून मोजलेल्या आकड्यांची दुरुस्ती, मग ‘मिनी’, नवं उत्तर घेऊन पुन्हा बेरीज, पुन्हा दुरुस्ती. उत्तर हलायचं थांबेपर्यंत हा फेरा. स्वयंचलित नाही, मी त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, आणि मला वाटतं गोसिया वापरणाऱ्या प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये अशी स्वतःची एक गावठी स्क्रिप्ट असते. कमांडची ज्यांना धास्ती वाटते त्यांच्यासाठी रेचल नावाचं चित्रमय आवरणही आहे, तेही रॉचेस्टरचंच. पातळ्यांची आकृती समोर दिसते, इनपुट फाइल ते लिहून देतं. शिकायला छान. मी महिनाभर वापरलं आणि सोडलं, कारण फाइल हातानं लिहिल्याशिवाय मी नेमकं काय गृहीत धरलंय ते माझ्या लक्षात येईना.

पण मोजणीचं प्रमाण ठरवायचा प्रश्न गोसिया जसा सोडवते, त्याला तोड नाही. बीममध्ये किती कण आले, टार्गेट नक्की किती जाड, हे दोन टक्क्यांपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. शिवाय बेरिलियम-११ चे निम्मे कण १३.८ सेकंदांत क्षय पावतात, तेव्हा बीम म्हणजे नळाला आलेलं पाणी: आज आहे, उद्याचं माहीत नाही. यावर तोडगा असा की त्याच टक्करीत प्लॅटिनमही ढवळतं. त्याची ३५६ केईव्हीची रेषा, म्हणजे त्या ऊर्जेच्या किरणांचा उंचवटा, त्याच स्पेक्ट्रममध्ये, त्याच डिटेक्टरांत येते, आणि प्लॅटिनमची ताकद आधीपासून नीट मोजलेली आहे. मग एकाच्या तुलनेत दुसरं. कणांची संख्या आणि जाडी वर-खाली छेदून जातात. दोन रेषा ओळखू येतात त्याही वेगवेगळ्या: बेरिलियम प्रकाशाच्या ६–७ टक्के वेगानं पळत असताना किरण सोडतं म्हणून त्याची ३२० ची रेषा डॉप्लरमुळे ३०० पासून ३४० पर्यंत फिसकटते, प्लॅटिनम जवळजवळ जागेवर म्हणून त्याची रेषा टोकदार राहते. डॉप्लर दुरुस्ती लावली की उलटं, बेरिलियम सुईसारखं उभं आणि प्लॅटिनम पसरलेलं. पहिल्यांदा हे पडद्यावर पाहिलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते. टार्गेट आणि बीम दोन्ही एकदम जुळवायचे तर गोसिया-२ अशी वेगळी आवृत्ती आहे. त्यात दोन इनपुट फाइली, म्हणजे शून्यं विसरायला दुप्पट जागा.

‘एरो’ ही आज्ञा मात्र खरोखर मनापासून घडवलेली आहे. बाकीचे कित्येक प्रोग्रॅम त्रुटी काढताना एकच आकडा हलवून बघतात. गोसिया आधी तसं करते, आणि मग बाकीचे आकडे आपापसात हात धरून कसे सरकतात ते पाहून त्रुटी पुन्हा काढते. वरची त्रुटी वेगळी, खालची वेगळी. दोनच पातळ्या असलेल्या बेरिलियमला याचा फारसा उपयोग नाही, पण आता ज्या केंद्रकावर मी काम करते त्यात पाच पातळ्या आहेत, आणि पहिल्या टप्प्याची त्रुटी दुसऱ्या टप्प्यात जवळजवळ दुप्पट झाली. वाईट वाटलं. खरी होती.

आता तक्रार, आणि ही शून्यांच्या ओळीपेक्षा खोल आहे. गोसियाच्या जगात केंद्रक म्हणजे पातळ्यांची यादी. यादीत असेल तेवढंच अस्तित्वात. बेरिलियम-११ चा न्यूट्रॉन अर्ध्या एमईव्हीत सुटतो; म्हणजे ३२० च्या थोडंसं वर गेलं की यादी संपते आणि मोकळं मैदान सुरू होतं. प्लॅटिनमजवळून जाताना तो न्यूट्रॉन क्षणभर त्या मैदानात डोकावून परत येऊ शकतो. गोसियाला हे मैदान दिसत नाही. आणि सोवळ्याचे ५ फर्मी तरी कुठून मोजायचे, अंगापासून की पदराच्या टोकापासून?

मी कागदावर हिशेब केला. २.०९ च्या बीमवर अगदी समोरासमोर टक्कर झाली तरी दोन्ही केंद्रकांच्या मध्यांमध्ये साधारण २०.६ फर्मी उरतात. दोघांच्या त्रिज्या मिळून १०. म्हणजे पृष्ठभागांमध्ये १० फर्मीहून जास्त, नेमापेक्षा दुप्पट. प्रयोग करणाऱ्यांनी पदराचा विचार केलेला दिसतो. कण वक्र मार्गानं जातो असं अभिजात पद्धतीनं धरणंही इथे चालतं, कारण त्यासाठीचा सोमरफेल्ड आकडा १ पेक्षा खूप मोठा असावा लागतो, आणि माझ्या हिशेबानं तो ३० च्या वर येतो. मैदानाचं काय? त्यासाठी २०१४ च्या त्या शोधनिबंधातच दुसरं, पूर्ण क्वांटम पद्धतीचं गणितही केलंय, ज्यात न्यूट्रॉनला सुटायची मुभा आहे. त्यातून ०.०९८ आलं, त्रुटी ०.००४. गोसियाचं ०.१०२. त्रुटींच्या आत दोघांचं पटतं.

पण पाहा, दुसऱ्या गणिताची त्रुटी दुप्पट आहे. गोसियाचे दोन टक्के हे ‘माझी यादी पुरी आहे’ असं धरून आलेले दोन टक्के आहेत, आणि ती ते कुठेही ठळक अक्षरांत लिहून देत नाही. हेलो नसलेल्या केंद्रकांत मला याची फिकीर नाही. हेलो असेल तर गोसियाच्या उत्तराशेजारी दुसरं गणित ठेवल्याशिवाय मी तरी छापायला देणार नाही. २०१६ मध्ये सिद्धांतवाल्यांनी न्यूक्लिऑनांमधल्या बलांपासून सुरुवात करून बेरिलियम-११ ची ती उलटसुलट पातळ्यांची भानगड सोडवायचा प्रयत्न केला, तेव्हा कसोटी म्हणून हाच ०.१०२ समोर ठेवला होता. एवढं ओझं ज्या आकड्यावर पडतं, त्याच्या पोटात काय गृहीत धरलंय ते माहीत असलेलं बरं.

हलक्या केंद्रकांतला दुसरा खड्डा ‘डीआयपी’ नावाच्या एका आकड्यात दडलेला आहे. फार वरच्या ऊर्जेवर सगळे प्रोटॉन एकीकडे आणि न्यूट्रॉन दुसरीकडे झुलतात. त्या झुलण्याचा खालच्या पातळ्यांवर जो हलकासा परिणाम होतो, तो गोसिया एका ठरावीक आकड्यानं धरते. तुम्ही काही सांगितलं नाही तर ५ (हजारांशात). जड केंद्रकात तो कुणाच्या लक्षातही येत नाही. बेरिलियम-१० सारख्यात येतो. त्याची पहिली पातळी ३.३७ एमईव्हीवर, बेरिलियम-११ च्या दहापट उंच. तिथवर सावकाश बीमनं ढवळणं मुळातच अवघड, किरण थोडे, आणि त्यातून केंद्रकाचा आकार चपटा की लांबोडा हे शोधायचं तर तो परिणाम आणि हा ‘डीआयपी’चा परिणाम एकमेकांच्या अंगावर येतात. दिल्लीच्या पेलेट्रॉन या कणवेगकावर कथिलाच्या समस्थानिकांवर कूलेक्स केलेल्या एका सिनियरला मी विचारलं, तू ‘डीआयपी’ किती ठेवायचास? तो म्हणाला, ‘हे असतं?’

कुणी घेऊ नये तेही सांगून टाकते. बीम वेगवान असेल, म्हणजे १९९५ मध्ये रिकेनमध्ये मॅग्नेशियम-३२ शिशाच्या टार्गेटवर मारून ८८५ केईव्हीचा किरण मोजला तसा प्रयोग, तर गोसिया तुमच्यासाठी नाही. तिथे वेगळी सूत्रं, वेगळे प्रोग्रॅम. ज्याला फक्त एका पातळीचा झटपट अंदाज हवा, त्यानंही हिच्या वाटेला जाऊ नये, कागद-पेन्सिल पुरते.

बाकी चार तारे. माझ्या पाच पातळ्यांच्या केंद्रकात सध्या ‘डीआयपी’ ५ ठेवायचा की वाढवायचा यावरून गाइडचं आणि माझं आठवडाभर वाजलंय. तिचं म्हणणं फरक त्रुटीच्या आत जाईल; माझं म्हणणं, जाणार नाही. ३ पासून १५ पर्यंत तेरा रन एकामागून एक लावले आहेत. शून्यांच्या ओळी दोनदा तपासल्या. आता झोपते.